आधी तीन वाक्यं

आमच्या केंद्रातल्या सहा नंबरच्या खोलीवर नावाची पाटी नव्हती. पाटीच्या जागी पेन्सिलीने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर एवढंच होतं: ‘आधी बघा.’ आत खिडकीपाशी स्टुलावर एक कुंडी आणि कुंडीत जवाचं एक रोप. खोली डॉक्टरांची, म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्रज्ञांची, आणि त्यांच्याशी कामाचं काही बोलायचं असेल तर आधी त्या रोपाविषयी तीन वाक्यं बोलावी लागत. सही हवी असो, रजा हवी असो किंवा इमारतीला आग लागल्याची बातमी द्यायची असो, आधी तीन वाक्यं. आगीचं मी गमतीने लिहीत नाही. एकदा जनरेटरच्या खोलीतून धूर निघाला तेव्हा वॉचमनने दारात उभं राहून घाईघाईने तीन वाक्यं म्हटली आणि मग धुराचं सांगितलं.

शारजातून आत धैदकडे निघालं की उजव्या हाताला उंटांची कुंपणं लागतात, ती संपली की आमचं केंद्र. विहिरींचं पाणी खारं, आणि त्या खाऱ्या पाण्यावर काय काय उगवेल हे शोधायचं काम. मी तिथे ॲडमिन ऑफिसर होतो. बाकीचे लोक झाडं वाढवत, मी फायली वाढवत असे. फायलींना खारं पाणीसुद्धा लागत नाही.

पहिल्या दिवशी मी डॉक्टरांकडे कसलासा फॉर्म घेऊन गेलो. त्यांनी कुंडीकडे बोट केलं. मी म्हणालो, “झाड आहे. हिरवं आहे. उन्हात आहे.”

“पहिलं मला माहीत होतं,” डॉक्टर म्हणाले. “तिसरं हवामान खात्याचं काम आहे. दुसऱ्यात थोडा दम आहे. कुठे हिरवं?”

मी वाकून पाहिलं. पानांची टोकं पिवळी होती, पण फक्त खालच्या पानांची. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका वहीत पेन्सिलीने टिपून घेतलं, कुंडीचा नंबर घातला आणि मग फॉर्मवर सही केली, तीही पेन्सिलीनेच. हेड ऑफिसने तो फॉर्म परत पाठवला. मी पुन्हा गेलो, तर कुंडी बदललेली. पुन्हा तीन वाक्यं.

पेन्सिलीचं कारण त्यांच्याकडे होतं. शाई इथल्या उन्हात दोन महिन्यांत उडते. पेन्सिलीने दाबून लिहिलं की ॲल्युमिनियमच्या पट्टीवरसुद्धा ओरखडा राहतो. त्यांच्या १४४ कुंड्यांना अशा १४४ पट्ट्या तारेने बांधलेल्या होत्या. रोज सकाळी ते शेडमधून एक कुंडी उचलून खोलीत आणत आणि संध्याकाळी जिथली तिथे नेऊन ठेवत. सहा फुटांचा, पासष्टीचा, गुडघ्यापर्यंत मोजे घातलेला माणूस कडेवर कुंडी घेऊन चाललेला बघायची आम्हाला सवय झाली होती. नव्या माणसाला तो कुणाचं तरी मूल सांभाळतोय असं वाटे.

वाक्यांचे नियम कडक होते. मत द्यायचं नाही, जे दिसतं ते सांगायचं. ‘सुंदर’, ‘निरोगी’, ‘वाईट’ आणि ‘चांगलं’ या शब्दांवर बंदी. बंदीची यादी त्यांनी आमच्याकडून आमच्या आमच्या भाषांत करून घेतली होती. मराठीतला ‘चांगलं’ हा शब्द त्यांना पक्का पाठ झाला, कारण मी आणि बशीरभाई तोच सारखा वापरायचो आणि पकडले जायचो.

बशीरभाई म्हणजे आमचे फोरमन. दापोलीकडचे, खाडीकाठच्या गावचे. आधी रुवैस, मग हमरिया फ्री झोन आणि शेवटी आमच्याकडे, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा गल्फचा प्रवास. त्यांना उपमेशिवाय बोलता येत नसे. “हा सत्त्याऐंशी नंबरवाला माझ्या मामूसारखा हाय. सगळं जेवायला बसलं तरी हा उभाच,” असं ते सांगत, आणि डॉक्टर ते जसंच्या तसं, मराठीतच, रोमन अक्षरांत आपल्या पद्धतीने लिहून घेत. ड्रायव्हरचं पश्तूत, कॅन्टीनवाल्याचं मल्याळममध्ये. यातली एकही भाषा त्यांना येत नव्हती.

मी एकदा विचारलं, “समजत नाही तर लिहिता कशाला?”

“समजून लिहिलं की मी ते दुरुस्त करतो,” ते म्हणाले. “न समजता लिहिलं की ते तुमचंच राहतं.”

मला हे तेव्हा एक नमुनेदार विक्षिप्त उत्तर वाटलं. मी ते घरी जेवताना सांगितलं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिने ताटातून मान वर न करता म्हटलं, “बाबा, ही इज नॉट वियर्ड. यू जस्ट डोन्ट लिसन.”

सगळे त्यांना ‘जर्मन डॉक्टर’ म्हणत. ते जर्मन नव्हते. भाषा जर्मन, पासपोर्ट इटलीचा, गाव आल्प्समध्ये, जिथे कधीकाळी सरहद्द सरकली आणि माणसं जागच्या जागी राहिली. हे समजावून सांगायला त्यांना वीस मिनिटं लागत आणि ऐकणारा शेवटी म्हणे, “अच्छा, म्हणजे जर्मन.” पुढे पुढे ते नुसती मान हलवत. त्यांच्या नावामागे दोन डॉक्टरेट होत्या. तिकडच्या रिवाजाप्रमाणे ‘डॉ. डॉ.’ असं लिहायचं. आमच्या एचआरच्या पोर्टलने ती टायपिंगची चूक धरून एक डॉक्टर खोडला. ते कळल्यावर त्यांनी एचआरला पत्र लिहून दुसराही खोडायला सांगितला. दारावरची पाटी त्याच दिवशी गेली.

जव म्हटलं की बाहेरचा प्रत्येक माणूस बिअरचा विनोद करतो. तोही शारजात, जिथे बिअर मिळत नाही. डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर होतं: “त्याबद्दल उंटाला विचारा. जव खाणारा तो.” आणि ‘इन्शाल्ला’ हा त्यांचा आवडता शब्द होता. विज्ञानातला एकमेव प्रामाणिक शब्द, असं ते म्हणत. निकाल सांगताना आमचे डायरेक्टर ‘डेफिनेटली’ म्हणत, डॉक्टर ‘इन्शाल्ला’ म्हणत, आणि दोघांचा निकाल एकच असे. मला मात्र दुसऱ्यावर जास्त विश्वास वाटे.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एकच फ्रेम होती. लोक जवळ जाऊन बघत, कारण एवढ्या शिकलेल्या माणसाला काहीतरी मोठं पदक मिळालेलं असणारच. फ्रेममध्ये एक पत्र होतं. तरुणपणी त्यांनी जवाचा एक जीन सापडल्याचं एका मासिकात जाहीर केलं होतं. खूप कौतुक झालं, त्यावर नोकरी मिळाली. तीन वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की दोन रोपांच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. कुणाच्याही ध्यानात आलेलं नव्हतं. त्यांनी मासिकाला स्वतःच पत्र लिहिलं: माझं चुकलं, पान चार पाहा. तेच पत्र फ्रेममध्ये. त्यांची नोकरी गेली की राहिली, हे मी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांनी बराच प्रवास केला, एवढं खरं.

त्या प्रवासात सीरियाही होता. तिथे एका केंद्रात त्यांनी बारा वर्षं जवाचं वाण तयार केलं. लढाई जवळ आली तेव्हा सगळे निघाले, तेही निघाले. बरोबर काय आणता आलं, असं विचारलं तर ते पायाकडे बघत. मोज्यांत घालून आणलेली अकरा पाकिटं. बाकी सगळं तिथेच. याविषयी ते एवढंच बोलत आणि पुन्हा कुंडीकडे वळत.

आमच्याकडचा प्रयोग त्या अकरांतलाच एक धागा होता, असं मला पुढे कळलं. एका बाजूला त्यांच्या स्वतःच्या गावचं जव, सीरियात नेऊन जपलेलं, बर्फात तग धरणारं, ठेंगणं. दुसरी बाजू त्यांना इथे शोधावी लागली. खोर फक्कानच्या मागे डोंगरात एका म्हाताऱ्याकडे जुनं जव आहे, असं बशीरभाईंनी कुठून तरी ऐकलं. तिघं गाडीतून गेलो. हायवेवर डॉक्टर ऐंशीच्या वर जात नसत. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात आणि ते प्रत्येकाला हात करत.

म्हातारा अमिराती खजुराच्या झाडाखाली बसला होता. पैसे घ्यायला तयार नव्हता. कॉफी झाल्यावर त्याने विचारलं, “माझं बी नेऊन काय करणार?” बशीरभाईंनी अरबीतून हिंदीत आणलं, मी हिंदीतून इंग्रजीत.

“त्याचं माझ्या गावच्या जवाशी लग्न लावणार,” डॉक्टर म्हणाले.

हे अरबीत गेलं. म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. “घराणं कसं आहे?”

डॉक्टरांनी घराणं सांगायला सुरुवात केली. पाऊण तास सांगितलं. कुठल्या दरीतलं, किती उंचीचं, कुठल्या वर्षी गारपिटीत काय झालं, कुणाकुणात एकदा मिसळलं. बशीरभाई घामाघूम झाले. शेवटी म्हाताऱ्याने हात वर केला. “खलास. मुलगी दिली.” आणि आतून एक कापडी पिशवी आणली. परतताना बशीरभाई म्हणाले, “भाऊ, माझ्या पोरीच्या वेळी मी पन एवढी चौकशी नाय केली.”

नवरात्रात आम्ही त्यांना घरी बोलावलं होतं. शारजात रोल्याला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट, कोपऱ्यात घट. डॉक्टर बूट काढून आले आणि घटासमोर जे बसले ते उठेनात. सातव्या माळेचे उंच पिवळट कोंब. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली.

“अहो, त्यांना सांगा, हात लावायचा नाही,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी सांगितलं. डॉक्टरांनी लगेच हात मागे घेतले, मग नुसत्या नजरेने मोजलं. कोंब अंधारात वाढतात म्हणून पिवळे, हे त्यांना ठाऊक होतंच. त्यांना दुसरंच काहीतरी हवं होतं. “कंट्रोल कुठे आहे?” त्यांनी विचारलं. म्हणजे शेजारी दुसरा घट, सगळं तेच, फक्त पूजा नाही. त्याशिवाय पूजेचा परिणाम कसा कळणार?

बायकोने पुरणपोळी वाढता वाढता उत्तर दिलं. “पुढच्या वर्षी मांडू की दुसरा. पण त्याच्याकडे बघायचं नाही हे देवीला कोण सांगणार?”

मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा डॉक्टर घास हातात धरून थांबले. मग म्हणाले की हा आक्षेप त्यांनी आजवर ऐकलेल्या आक्षेपांत सर्वांत योग्य आहे. वही काढून त्यांनी तो लिहून घेतला. मराठीत, तिच्याच शब्दांत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. तीत माझा हात आहे, म्हणून इतका वेळ टाळत होतो.

लग्नाला सात पिढ्या झाल्या होत्या. १४४ कुंड्यांतलं प्रत्येक रोप म्हणजे त्या घराण्याची एक वेगळी शाखा. बहुतेक रोपं खाऱ्या पाण्यावर रडतखडत वाढत. सत्त्याऐंशी नंबर मात्र सर्वांत खाऱ्या विहिरीच्या पाण्यावरही भरलेल्या ओंब्या धरे, आणि गेल्या दोन पिढ्या त्याची सगळी पिलावळ एकसारखी निघत होती. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. एकसारखं निघालं म्हणजे घराण्यात भांडण उरलं नाही, म्हणजे ते बी शेतकऱ्याला देता येईल. आणखी एका हंगामाचं काम होतं. पण डॉक्टरांचा करार जूनअखेर संपत होता आणि वयामुळे वाढणार नव्हता. राखून ठेवलेलं जास्तीचं बी ऑगस्टमध्ये शीतकपाट बंद पडून गेलेलं होतं. म्हणजे जे काही होतं ते त्या शेडमध्ये, त्या कुंडीत.

फेब्रुवारीत एक परदेशी शिष्टमंडळ येणार असं ठरलं. डायरेक्टरांनी दुबईहून एक इव्हेंट कंपनी बोलावली. रेड कार्पेट आलं, तंबू आले; फुगे नकोत, एवढीच माझी तक्रार मान्य झाली. त्या आठवड्यात डॉक्टर बी गोळा करायला डोंगरात गेले होते, फोन लागत नव्हता. मी दर तासाला कुठल्या ना कुठल्या कागदावर सही करत होतो आणि मनातल्या मनात त्या सगळ्या थाटाची टिंगल करत होतो. त्यातला एक कागद होता ‘ग्रीनहाऊस एरिया: प्रेझेंटेशन’. मी तो वाचला नाही. टिंगल करण्यात माझं लक्ष होतं.

इव्हेंटवाला मुलगा कामसू होता. त्याच्या डोळ्यांना १४४ कुंड्या म्हणजे अस्ताव्यस्त पसारा दिसला: उंच, बुटकी, पिवळी, हिरवी, कशीही उभी, आणि प्रत्येकीला पत्र्याचा लोंबता तुकडा. त्याने आपल्या माणसांना लावून दिवसभरात सगळ्या कुंड्या उंचीप्रमाणे लावल्या, शाळेच्या ग्रुप फोटोसारख्या. बुटकी पुढे, उंच मागे, कार्पेटच्या दोन्ही बाजूंना छान वळणदार ओळी. पिवळी सगळी डिझेलच्या टाकीमागे. पत्र्याचे तुकडे कापून एका काळ्या पिशवीत, आणि पिशवी व्यवस्थित गाठ मारून माझ्या टेबलावर. वर चिठ्ठी: ‘साईट रेडी.’

बशीरभाई त्या दिवशी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेड पाहिली आणि माझ्याकडे आले. “भाऊ, ह्ये कोनी केलं?”

मी पिशवी दाखवली. मग कागद दाखवला, त्यावरची सही दाखवली. ते खुर्चीवर बसले. ते माझ्यासमोर कधी बसत नसत.

डॉक्टर त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे यायच्या अर्धा तास आधी पोहोचले. मी त्यांच्या खोलीत गेलो, स्टुलावर कुंडी नव्हती. मी म्हणालो, “कुंड्या हलवल्या आहेत. पट्ट्या काढल्या आहेत. सही माझी आहे.” तीन वाक्यं झाली, हे मला म्हणून झाल्यावर लक्षात आलं.

ते शेडमध्ये गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालले, हात पाठीमागे. मी त्यांच्या मोज्यांकडे बघत होतो. परत आल्यावर त्यांनी विचारलं, “पाणी कुठलं दिलं?”

“कालपासून दिलं नाय,” बशीरभाई म्हणाले. “मी नळाला कुलूप लावलं.”

“ठीक,” डॉक्टर म्हणाले. तेवढंच.

शिष्टमंडळ आलं. कार्पेटवरून चालत त्यांनी अकरा मिनिटांत केंद्र पाहिलं. डायरेक्टर मध्ये मध्ये ‘डेफिनेटली’ म्हणत होते. शेडपाशी आल्यावर त्यांनी डॉक्टरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. डॉक्टरांनी प्रमुख पाहुण्यांसमोर एक कुंडी धरली आणि सांगितलं, आधी तीन वाक्यं. सोबतचे लोक हसले. प्रमुख पाहुणे हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी कुंडीकडे पाहिलं. “पानांची दाट बाजू सावलीकडे आहे,” ते म्हणाले. “म्हणजे ही कुंडी फिरवली आहे. कुणीतरी घाईत होतं.” मग सांगितलं की त्यांचे वडील शेतकरी होते. थाटामाटाविषयीच्या माझ्या सगळ्या मतांत त्या एका माणसाने गडबड केली, आणि ते मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

पाहुणे गेल्यावर डॉक्टरांनी वह्या बाहेर काढल्या. सात वह्या. तेव्हा मला कळलं. रोज एक कुंडी, रोज येईल त्या प्रत्येकाची तीन वाक्यं, वर तारीख आणि नंबर. या हंगामात १४४ पैकी शंभरावर कुंड्या आमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून गेल्या होत्या.

पुढचे तीन दिवस केंद्राचं बाकी काम बंद होतं. कुंड्या मोकळ्या जागेत मांडल्या. डॉक्टर वहीतून मोठ्याने वाचत, आणि ज्याचं वाक्य असेल तो कुंड्यांमधून फिरून आपलं रोप शोधे. पश्तू वाक्य आलं की ड्रायव्हर दचके, कारण डॉक्टरांच्या तोंडून ते कुठल्या तरी वेगळ्याच देशातून आल्यासारखं वाटे. मग तो दोनदा म्हणायला लावी, आपल्याशी पुटपुटे आणि सरळ एका कुंडीपाशी जाऊन उभा राही. ‘खालचे तीन फुटवे एकीकडे, एक एकटा.’ ‘दुसऱ्या पानाला पीळ, उजवीकडून.’ कॅन्टीनवाल्याचं एक वाक्य ऐकून सगळे मल्याळी हसले. त्याने ते भाषांतर करून द्यायला नकार दिला, पण कुंडी बरोबर काढली. हंगामाच्या सुरुवातीची माझी वाक्यं अर्थातच कशाच्याच उपयोगाची नव्हती. उन्हात असलेलं हिरवं झाड तिथे १४४ वेळा होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सत्त्याऐंशी आलं. डॉक्टरांनी वाचलं. त्या उच्चारांतून मामू ओळखू यायला आम्हाला थोडा वेळ लागला. त्याखाली माझी वाक्यं होती, तोवर मी सुधारलो होतो: ‘कुसळं जांभळट आहेत. ओंबी पानाच्या बाहेर पूर्ण आलेली आहे. खालून तिसऱ्या पानाचं टोक तुटलेलं आहे.’

बशीरभाई फिरले. एका कुंडीपाशी थांबले, मग दुसऱ्या. “डॉक्टर, मामू दोन हायत.”

दोन्ही रोपांची कुसळं जांभळट. दोन्ही ताठ. तुटलेलं पान दोन्हींचं गळून गेलेलं. एक सत्त्याऐंशी, दुसरं बहुधा बावन्न, ज्याच्या घराण्यात अजून एकमत नव्हतं.

“हाच,” बशीरभाई डावीकडच्या कुंडीवर हात ठेवून म्हणाले. “मी रोज बघतो. हाच.”

डायरेक्टरही तिथे होते. ते म्हणाले, “देन डेफिनेटली. लिहून टाका, बंद करा विषय.”

मीही म्हणालो, लिहा. माझ्या मनावरचं ओझं उतरणार होतं.

डॉक्टरांनी दोन्ही कुंड्यांकडे पाहिलं. मला भिंतीवरचं ते पत्र आठवलं, आणि ते काय म्हणणार हे कळलं. “मी एकदा खात्रीने लिहिलं होतं,” ते म्हणाले. दोन नव्या पट्ट्या घेऊन एकीवर ‘अ’ लिहिलं, दुसरीवर ‘ब’. डावीकडची ‘अ’. “यांच्या मुलांना विचारावं लागेल.”

मुलं म्हणजे पुढचा हंगाम. पेरणी नोव्हेंबरात, ओंब्या फेब्रुवारीत. जूनला डॉक्टर जाणार होते. आणि डायरेक्टरांनी त्या शेडच्या जागी व्हिजिटर सेंटर करायचं ठरवलं होतं, शिष्टमंडळ खूश झाल्यामुळे.

निरोपसमारंभात शाल, ट्रॉफी आणि सहा भाषणं झाली. ट्रॉफीवर ‘डॉ. डॉ.’ असं कोरलेलं होतं. ती त्यांनी कॅन्टीनला दिली, तिथे ती चमचे ठेवायला वापरतात. जाण्याच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात दोन पाकिटं दिली, वर पेन्सिलीने ‘अ’ आणि ‘ब’. आणि एक पेन्सिल. रागावल्याचं त्यांनी एकदाही दाखवलं नाही, त्यामुळे ती पेन्सिल मला फार जड गेली.

जागेचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. संशोधनाच्या नावाने अर्ज केला असता तर तो तीन कमिट्यांतून फिरला असता. मी ‘रिसेप्शन एरिया: शोभेची झाडं’ या नावाने फाइल केली. दुसऱ्या दिवशी मंजूर. इव्हेंटवाल्याकडून मी तेवढं शिकलो होतो. नोव्हेंबरात रिसेप्शनच्या काचेबाहेर, पूर्ण उन्हात, चाळीस कुंड्या लागल्या: वीस ‘अ’च्या, वीस ‘ब’च्या. बशीरभाई रोज सर्वांत खाऱ्या विहिरीचं पाणी टँकरने आणून घालत. डायरेक्टर येता जाता म्हणत, “नाइस, व्हेरी ग्रीन.” काही महिने तसं म्हणणं खरंही होतं.

फेब्रुवारीत आम्ही त्यांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर डॉक्टर, मागे खिडकी, खिडकीत बर्फ. कानांवरचे केस वाढले होते.

“निकाल सांगू नका,” ते लगेच म्हणाले. “आधी तीन वाक्यं.” वही उघडल्याचा आवाज आला.

बशीरभाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि कुंड्यांकडे तोंड करून उभे राहिले. “‘अ’ची वीस पोरं,” ते मराठीत म्हणाले, “आमच्या वाडीच्या मिटिंगसारखी हायत, कोन ताठ, कोन वाकडा, सहा तर उठलीच नाय.” डावीकडची कुंडी त्यांनीच निवडली होती. ते सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. “‘ब’ची वीस हायत ती सगळी उभी.”

डॉक्टरांची पेन्सिल चालली. मग थांबली. “तिसरं?”

बशीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वाकलो. सकाळपासून मी मोजपट्टी घेऊन मोजत होतो, आकडे पाठ होते, पण आकडे सांगावेसे वाटेनात. “‘ब’च्या विसांवर एक लांब पट्टी आडवी ठेवली,” मी मराठीतच म्हणालो, “तर ती सगळ्या ओंब्यांना टेकते.”

“परत सांगा,” डॉक्टर म्हणाले. “हळू.”

मी परत सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर लिहून घेतलं. मग इंग्रजीत अर्थ विचारला. आजवर त्यांनी तो कधी विचारला नव्हता. मी सांगितला. पडद्यावर बराच वेळ नुसतं बर्फ आणि त्यांचं टक्कल दिसत होतं, कारण ते वहीवर वाकले होते.

मान वर करून ते एकच शब्द बोलले, मराठीत, स्वच्छ उच्चारात.

“चांगलं.”

बशीरभाई फोनजवळ तोंड आणून म्हणाले, “डॉक्टर, ह्यो शब्द चालत नाय.”